आठ ते नऊ हा तास: कोकणातल्या महोत्सव समित्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या पर्यटन महोत्सवांचे, गणेशोत्सव मंडळांचे आणि सांस्कृतिक कार्यक्रम समित्यांचे सर्व पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

नवरात्र आटोपलं की तुमच्या बैठका सुरू होतील. डिसेंबर-जानेवारीच्या महोत्सवाला मुंबईहून कोणाला आणायचं, लावणीचा दिवस कोणता, मिमिक्रीवाला किती घेतो, पाककला स्पर्धेची बक्षिसं कोणाच्या हस्ते द्यायची, हे सगळं त्या बैठकांत ठरतं. मी साउंडवाला आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण या पट्ट्यात तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्टेजवर माझे बॉक्स लागले आहेत. साउंडवाल्याला बैठकीत बोलावतात ते कोटेशनपुरतं. पण स्टेजवर कोण काय वाजवतं आणि समोरची माणसं ते कसं ऐकतात, हे पहिल्या 'हॅलो, चेक'पासून वायरी गुंडाळेपर्यंत बघणारा माणूस तोच असतो. त्या अधिकाराने हे पत्र लिहितोय.

माझी मागणी अशी: महोत्सवाच्या एका दिवशी रात्री आठ ते नऊ हा तास कोकणात राहून स्वतःचं संगीत वाजवणाऱ्या कलाकारासाठी राखून ठेवा, आणि त्याचं मानधन आधी ठरवून द्या.

मागणी सगळ्यांसाठी आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर एकच माणूस आहे. आमच्याकडे त्यांना मास्तर म्हणतात. ते गिटार वाजवतात, ब्लूज आणि फंक या अमेरिकन संगीतप्रकारांतली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण "माझ्या नावार कोणाकडे काय मागू नको" असं त्यांनी मला बजावलंय. मदत मागायला हे पत्र नाहीच. पस्तीसेक वर्षं एका माणसाने एका वाद्यावर घालवली आणि त्याच्या तालुक्याने त्याचं स्वतःचं वाजवणं सलग तासभर एकदाही ऐकलं नाही, हे मला बोचतं. तुम्हालाही बोचावं म्हणून त्यांची वाटचाल थोडी सविस्तर सांगतो.

मास्तरांचे वडील परळच्या गिरणीत कामाला होते. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटला असं कधी झालंच नाही, आणि कोकणातली कितीतरी घरं त्यात मुळापासून हलली. हे कुटुंब वेंगुर्ल्याकडच्या गावी परत आलं तेव्हा मास्तर शाळेत होते. चाळीतून आणलेल्या सामानात एक बुलबुलतरंग होता, ज्याला आपण बेंजो म्हणतो. त्यावर हात बसला आणि ते बेंजो पार्टीत लागले. गणपतीची मिरवणूक, वराती, शिमगा, सगळीकडे वाजवलं. पण बेंजोचं बटण दाबलं की सूर जिथल्या तिथे उभा राहतो, तो वळवता येत नाही, याची त्यांना तेव्हापासून रुखरुख होती. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी लागायची. व्हॅन शिप्लेंची, सुनील गांगुलींची. त्या गिटारीवर सूर घसरत, वाहत यायचा. तसा सूर काढायचा म्हणून ते म्हापशाला गेले आणि तिथल्या एका जुन्या वाजवणाऱ्याकडून सेकंडहँड गिव्हसन घेऊन आले.

गिटार म्हापशाहून आली, हे मला मुद्दाम सांगायचंय. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात, आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. त्या शाळांच्या गावांतून माणसं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यांतली व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि गिटार याच किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातची आहेत. त्यामुळे गिटार ही कोकणात परकी आहे असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही.

मास्तर मग ऑर्केस्ट्रात शिरले. त्या काळी कुडाळ-सावंतवाडीकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे रात्र रात्र लोक बसायचे. समोर दोन गायक, मागे ऑक्टोपॅड (काठ्यांनी ठेके वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य), कीबोर्ड, बेस आणि कोपऱ्यात गिटार. पंचमदांची, म्हणजे आर. डी. बर्मन यांची गाणी हुबेहूब वाजवली नाहीत तर पब्लिक ऐकून घ्यायचं नाही. भूपिंदर सिंग आपल्याला गझल गायक म्हणून माहीत आहेत, पण पंचमदांच्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये गिटार त्यांच्या हातात होती. ते तुकडे बसवण्यासाठी मास्तर कॅसेट मागे घेऊन घेऊन ऐकायचे. ऐकता ऐकता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सत्तरच्या दशकातल्या अनेक गाण्यांत गिटार सूर कमी आणि ठेका जास्त देते. डावा हात तारा अर्धवट दाबून ठेवतो, उजवा हात न थांबता वरखाली चालतो, आणि कानावर येतो तो 'चिक्-चिक्' असा कोरडा आवाज, त्यात अधूनमधून एखादाच झंकार. हे कुठून आलं, याचा माग त्यांनी घेतला आणि तो त्यांना थेट अमेरिकेपर्यंत घेऊन गेला. जेम्स ब्राऊन या गायकाने 1965 च्या सुमारास आपल्या बँडला सगळा जोर पहिल्या मात्रेवर द्यायला लावला. त्याच्याकडचा जिमी नोलन हा गिटारवादक तो कोरडा ठेका वाजवायचा. त्यातून जे संगीत घडलं त्याला फंक म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी पखवाजावर बसलेलं असेल तर त्याला फंक समजावून सांगायची गरज नाही. एका आवर्तनाचे सोळा बारीक तुकडे, त्यांतले कुठले वाजवायचे आणि कुठले गिळायचे हा वाजवणाऱ्याचा कस, आणि सगळ्यांनी मिळून समेवर पडायचं. मास्तरांचा ड्रमवाला हा एका दशावतारी कंपनीतल्या मृदंग वाजवणाऱ्याचा मुलगा आहे. फंक त्याला कोणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला फक्त "समेर जोर दी, बाकी मोकळा सोड" एवढंच सांगितलं.

ब्लूजची वाट वेगळी. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग सुरू झाली आणि मास्तरांना मुंबईतल्या ऑर्केस्ट्रांची कामं मिळू लागली. शुक्रवारी जायचं, दोन रात्री वाजवायचं, परत यायचं. अशाच एका फेरीत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, 2016 मध्ये बंद झालेल्या त्या दुकानातून, त्यांनी बी. बी. किंग या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाची कॅसेट घेतली. किंग एक ओळ गातात, थांबतात, आणि गिटार त्या ओळीला उत्तर देते. गाताना ते गिटार वाजवत नसत, आळीपाळीने दोन्ही. मास्तर सांगतात की ती कॅसेट लावली आणि त्यांना चाळीतलं भजन आठवलं. बुवा ओळ टाकतो, पेटी ती उचलते, मग कोरस. ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं दुसऱ्यांचे तुकडे वाजवले, पण गिटार स्वतः बोलू शकते हे त्या दिवशी कळलं, असं ते म्हणतात.

ब्लूजचा साचा आपल्या सरगमीत सांगता येतो. बारा घरांचं एक आवर्तन. पहिली चार घरं 'सा'वर, दोन 'म'वर, परत दोन 'सा'वर, मग एक 'प', एक 'म', आणि शेवटची दोन पुन्हा 'सा'वर. त्यावर जी सुरावट फिरते तिचे पाच स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे हेच स्वर. फरक आहे तो गंधाराच्या जागेत. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि तार ताणून तिथे पोचावं लागतं. पेटीवर तो सापडणार नाही. गळ्यातून निघतो, सारंगीवर निघतो, आणि गिटारवर बोटात ताकद असेल तर निघतो. मास्तरांच्या डाव्या हाताची तिसऱ्या बोटाची कातडी बघा, कळेल.

आता या संगीताचा जन्म. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांनी, गुलामगिरी कागदावरून गेल्यानंतरही कर्जात आणि धाकात जगणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते घडवलं. पुढे तीच माणसं कामासाठी उत्तरेकडच्या शहरांत गेली. मडी वॉटर्स हा ब्लूज गायक 1943 मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला गेला. तिथे दिवसा मजुरी आणि रात्री गुत्त्यांमधून वाजवणं. त्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली. शेतातलं गाणं असं कारखान्यांच्या शहरात गेलं आणि तिथे त्याचा आवाज बदलला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरणगावात गेलेल्या आपल्या माणसांनी भजन, जाखडी, नमन बरोबर नेलं. चाळींच्या माळ्यांवर भजनाच्या बाऱ्या रंगल्या. त्या लोकांवर झालेला अन्याय आणि आपलं दारिद्र्य या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मी जाणतो. पण गाव सोडून कामाला गेलेल्या माणसाला रात्री गायला काय लागतं, हे गिरणी कामगाराच्या मुलाला परक्या भाषेतूनही ओळखू आलं, यात मला नवल वाटत नाही. मास्तरांच्या स्वतःच्या रचना तिथूनच आल्या आहेत. एक संपाच्या वर्षावर आहे. एकीत बारा घरांच्या आवर्तनावर भजनातला गजर चढवला आहे, आणि शेवटी लय दुगुन होते. ती ऐकताना मला मिक्सरवर हात ठेवून उभं राहणं कठीण जातं.

एवढं सगळं असून हा माणूस जगतो कशावर?

ऑर्केस्ट्रा संपले. आधी कीबोर्डमध्ये तयार ठेके आले आणि ऑक्टोपॅडवाला घरी बसला. मग ट्रॅक आले: गायक एक पेनड्राइव्ह घेऊन येतो, मी तो लावतो, मागे वाजवणारा कोणी नाही. मग डीजे. माझा धंदा या प्रत्येक बदलात चालूच राहिला, किंबहुना वाढला. वाजवणाऱ्यांचा बुडाला. बेसवाल्याने रिक्षा घेतली, कीबोर्डवाल्याने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मास्तरांनी गोव्यातल्या हॉटेलांचा रस्ता धरला. नोव्हेंबर ते मार्च सीझन. तिथे पाहुण्यांना जेवताना ओळखीची इंग्रजी गाणी लागतात, तीही हळू आवाजात. रात्री बाराला सुटायचं आणि गिटार पाठीला बांधून दुचाकीवरून बांद्याला यायचं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शिकवण्या. मुलं येतात ती एक गाणं वाजवता येण्यापुरती, राहतात दोन-तीन. त्यांतला खरा तयारीचा मुलगा पुण्याला किंवा पणजीला निघून जातो, कारण इथे राहून या कामावर पोट भरतं असं त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

शिवाय किनाऱ्यावर गिटार सांभाळणं हाच एक खर्च आहे. खाऱ्या हवेत साध्या तारा आठ-पंधरा दिवसांत काळ्या पडतात, बोटाला खरखरीत लागतात आणि सूर धरत नाहीत. लेप दिलेल्या तारा जास्त टिकतात, पण त्यांची किंमत दुप्पट-तिप्पट. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, मान वाकते, पट्ट्यांवर तारा खडखडतात. आवाजाच्या बटणात ओल जाऊन करकर येते. मास्तर गिटार कपाटात बल्ब लावून ठेवतात, जशी पूर्वी आपल्याकडे पेटी ठेवायचे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा त्यांच्या पडवीचे कौल उडाले आणि ॲम्प्लिफायर रात्रभर पाण्यात राहिला. त्यांच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढे दिवस ते साध्या गिटारवर रियाज करत होते. मी जनरेटरचं डिझेल द्यायला गेलो होतो तेव्हा ऐकलं.

आता तुमच्या स्टेजवर काय होतं ते सांगतो. महोत्सवाचं नाव घेत नाही, कारण हे एका ठिकाणचं नाही. पत्रिकेत 'स्थानिक कलाकारांचा संगीतमय आविष्कार, रात्री 8.30' असं छापलेलं. पाहुणे उशिरा आले. सत्कार, भाषणं, मग लकी ड्रॉचे कूपन काढले. मागे एक कार्यकर्ता दुसऱ्याला सांगत होता, "तेका लास्टाक घेवया, पब्लिक उठात." नऊ चाळीसला मास्तरांचा बँड स्टेजवर चढला. साउंडचेक नाही. स्टेजची लाइन लाइटिंगच्याच जनरेटरवरून घेतलेली, अर्थिंग नाही, त्यामुळे गिटार लावली की बॉक्समधून सतत 'हूं' असा आवाज. तो कसाबसा काढेपर्यंत पहिली रचना संपत आली. दुसरी सुरू झाली तेव्हा समितीतले एक गृहस्थ स्टेजच्या कडेला येऊन म्हणाले, "सर, जरा चालणारं हिंदी घ्या." दहा वाजले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि त्या दिवसाची सवलत घेतलेली नव्हती. मिक्सरवरचा आवाजाचा फेडर मलाच खाली घ्यावा लागला. मास्तरांना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह मिळालं. पेडण्याहून आलेल्या बेसवाल्याच्या पेट्रोलचे पैसे त्यांनी खिशातून दिले.

लोक उठतील, हे तुमचं नेहमीचं कारण. मी त्याच लोकांना दुसरीकडे बसलेलं पाहिलं आहे. एका गावच्या हरिनाम सप्ताहात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना होता. एका बुवांचा पेटीवाला आजारी पडला आणि कोणीतरी मास्तरांना गिटार घेऊन बसवलं. पहिल्या अभंगात त्यांनी फक्त सूर धरला. दुसऱ्यात बुवांनी ओळ टाकून मुद्दाम जागा सोडली, मास्तरांनी ती ओळ गिटारवर उलटी करून परत दिली. बुवा हसले आणि आणखी अवघड ओळ टाकली. पुढचा अर्धा तास तो सवाल-जबाब चालला. समोर नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या, मासे विकून आलेल्या बाया होत्या, मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं होती. कोणी उठलं नाही. मास्तर त्यात जे वाजवत होते तो ब्लूज होता. त्या बायांना ते नाव कोणी सांगितलं नाही आणि त्यांना त्याची गरजही पडली नाही.

काही जण म्हणतात, हे आपलं संगीत नव्हे, कोकण महोत्सवात कोकणाचंच हवं. दशावतार, चित्रकथी, भजन यांना तुम्ही देता त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा, या मताचा मी आहे. पण पेटीचं काय झालं ते आठवा. हार्मोनियम युरोपातून आली. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, श्रुती लागत नाहीत, वाद्य परकं आहे म्हणून, आणि ती बंदी तीसेक वर्षं चालली. त्याच काळात इथल्या देवळांत आणि दशावताराच्या मांडावर पेटी रोज वाजत होती. आज पेटीशिवाय बारी उभी करून दाखवा. ती आपली झाली कारण आपल्या माणसांनी ती पिढी-दोन पिढ्या आपल्या पद्धतीने वाजवली, आणि गावाने बसून ऐकली. गिटारच्या बाबतीत वाजवण्याचा भाग मास्तरांनी पुरा केला आहे.

गावाने ऐकलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. शिलाँग हे डोंगरातलं पावसाचं गाव, आपल्यासारखंच मुंबई-दिल्लीपासून लांब. तिथे लू माजाव हा गायक 1972 पासून दरवर्षी 24 मे रोजी बॉब डिलनच्या वाढदिवसाचा कार्यक्रम करतो. एका परक्या गायकाचा वाढदिवस एका खासी माणसाने पन्नास वर्षं साजरा केला आणि गावाने तो करू दिला. त्याच गावात 2003 मध्ये 'सोलमेट' हा ब्लूज बँड उभा राहिला, आणि 2007 मध्ये मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत तो भारतातर्फे वाजवून आला. हे मुंबईत जाऊन झालं नाही, शिलाँगमध्ये राहून झालं. आज शिलाँग म्हटलं की लोकांना संगीत आठवतं, आणि त्यासाठी माणसं तिकिटं काढून तिथे जातात. पर्यटन महोत्सव भरवणाऱ्यांना याहून वेगळं काय हवं असतं?

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्राचा ब्लूज महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय हे अमेरिकन ब्लूज गिटारवादक येऊन गेले. मास्तर तिथे श्रोता म्हणून जाऊन आले आहेत, सावंतवाडीहून संध्याकाळच्या गाडीने रात्रभर बसून. परत येऊन त्यांनी मला काय सांगितलं असेल, तर तिथला साउंड. वादक स्टेजवर यायच्या आधी प्रत्येक वायर तपासलेली, प्रत्येकाला स्वतःचा मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला बॉक्स. "ऐकाक येता रे, आपणच वाजवलेला आपणाक ऐकाक येता." हे ऐकून मला काय वाटलं असेल ते साउंडचं काम करणाऱ्याला विचारा.

आपल्याकडेही ऐकणारे आहेत. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरवते. तिथे माणसं थंडीत शाल घेऊन शेवटच्या भैरवीपर्यंत बसतात. कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठानने नाटकाचा असाच श्रोता तयार केला. कोणीतरी ठरवलं, सातत्य ठेवलं, म्हणून हे झालं.

तर माझी मागणी नीट मांडतो. तास आठ ते नऊचा हवा, सत्कार त्याच्या आधी उरका किंवा नंतर घ्या. त्या तासात फर्माईश नको. कलाकार स्वतःचं वाजवेल. मानधन कितीही असो, ते पत्रावर लिहून द्या, कार्यक्रमाआधी अर्धं आणि त्याच रात्री उरलेलं, आणि त्यात साथीदारांचा प्रवास धरा. मुंबईच्या पाहुण्याच्या विमानाचं भाडं तुम्ही विनातक्रार देता, पेडण्याच्या बेसवाल्याचं पेट्रोल त्यात सहज बसेल. बॅनरवर 'स्थानिक कलाकार' असं मोघम न छापता नाव छापा, वाद्य छापा. आणि दुपारी चार वाजता स्टेज रिकामं द्या, म्हणजे साउंडचेक होईल. स्टेजची लाइन लाइटिंगपासून वेगळी आणि अर्थिंगसह मिळाली तर निम्मं काम तिथेच झालं. वर्षाला ठरावीक दिवसांपुरती रात्री बारापर्यंतची सवलत सरकार देतं. महोत्सवाचा तो दिवस त्यात बसत असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवा, शेवटच्या तासाची धावपळ टळेल.

हा तास फक्त मास्तरांचा नाही. देवगडकडे एक मुलगा व्हायोलिनवर मालवणी ओव्या वाजवतो. मालवणात दोन बहिणी स्वतः गाणी लिहून गातात. दापोलीला एक जण शिमग्याच्या ढोलांवर ड्रम बसवतोय. हे सगळे अजून इथेच आहेत. त्यांच्यापैकी किती जण पाच वर्षांनी इथे असतील, हे बरंचसं तुमच्या बैठकांवर अवलंबून आहे. वर्षातून चार महोत्सवांनी असा एकेक तास दिला तरी एका वाजवणाऱ्याच्या तारा, दुरुस्ती आणि पावसाळ्याचे दोन महिने निघतात. हा हिशोब मास्तरांबरोबर बसून मी मांडलेला आहे आणि कोणत्याही समितीला दाखवायला तयार आहे.

माझ्या बाजूने एवढं करतो. जी समिती हा तास देईल, तिच्याकडून त्या तासाच्या साउंडचे पैसे मी घेणार नाही. मॉनिटर माझे, गिटार मिक्सरला जोडायचे डीआय बॉक्स माझे, वेगळी लाइन ओढायची केबल माझी. त्या तासाचं रेकॉर्डिंग मिक्सरवरून करून कलाकाराला आणि समितीला देईन. दुसरे साउंडवालेही यात येतील. दोघांशी बोलून ठेवलंय.

मास्तरांकडे आता तासाभराचा स्वतःचा कार्यक्रम तयार आहे, नऊ रचना, चौघांचा बँड. तालीम माझ्या गोडाऊनमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी होते. निर्णय घेण्याआधी ऐकायचं असेल तर समितीतल्या कोणीही यावं. खुर्च्या आहेत.

आपला,
सावंतवाडीचा एक साउंडवाला